कात्री लागणार हे धरून केलेलं मासिक

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून मी किशोरवयीन वाचकांसाठी पॉप संगीताचं मासिक निवडलं, तेव्हा प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. गाणी फोनवर, गायक फोनवर, त्यांच्या बातम्याही फोनवर. मग कागद हातात कोण घेणार? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय रंग, फॉन्ट, मांडणी यांना हात लावायचा नाही असं मी ठरवलं आणि तेरा ते सोळा वयाच्या काही मुलामुलींबरोबर बसायला लागले. तेरा ते एकोणीस अशी सरसकट पट्टी मी आधीच सोडून दिली होती. तेरा वर्षांची मुलगी आवडत्या गायकाचं नाव वहीच्या मागच्या पानावर गिरवते. एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच गायकाचा नवा अल्बम आधीच्यापेक्षा का फसला यावर तासभर वाद घालतो. या दोघांना एकच मुखपृष्ठ बोलावू शकत नाही.

‘तुम्हाला कसं मासिक आवडेल?’ हे मी मुलांना विचारलंच नाही. असं विचारलं की विचारणाऱ्याला बरं वाटेल तेच उत्तर मिळतं. त्याऐवजी मी त्यांना गाण्यांशी संबंधित ज्या वस्तू त्यांच्याकडे आहेत त्या दाखवायला सांगितल्या. कागदच कागद निघाला! फोनच्या पारदर्शक कव्हरमागे फोटोकार्ड. कोरियन पॉपच्या अल्बमसोबत येणारी, साधारण ५५ बाय ८५ मिलिमीटरची ही कार्डं मुलं प्लास्टिकच्या पाकिटात जपतात, एकमेकांत बदलतात, एकच कार्ड दोनदा आलं तर त्याच्या बदल्यात काय घ्यायचं यावर वाटाघाटी करतात. वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने उतरवलेली गाणी, काही ओळींखाली रंगीत पेनाच्या रेघा. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले, प्रिंटरची शाई संपत आलेली असताना काढलेले फिकट फोटो. गाणं ऐकायला त्यांना कागद नको होता. गाणं आपलं आहे हे जपायला, मिरवायला, कधी लपवायला मात्र कागदच लागत होता.

तिथून कामाला दिशा मिळाली. हे मासिक वाचून बाजूला ठेवण्यासाठी करायचं नाही; ते कापलं जाईल, फाडलं जाईल, त्यावर लिहिलं जाईल हे धरून चालायचं.

मग मी जुने अंक आणि त्यांच्याबद्दलचं लेखन शोधलं. जर्मनीत १९५६ साली सुरू झालेल्या ‘ब्राव्हो’ या नियतकालिकाने १९५९पासून एक विलक्षण गोष्ट केली होती. कलाकाराचं पुरुषभर उंचीचं चित्र तुकड्यातुकड्यांनी, अंकामागून अंक छापायचं. वाचकाने तुकडे कापून जोडायचे. पहिला मान ब्रिजित बार्दो या अभिनेत्रीचा होता. एक अंक चुकला तर भिंतीवरच्या चित्राचा एखादा हात नाहीतर गुडघा गायब! आजची फोटोकार्डं याच घराण्यातली आहेत: एकेक करून जमवायचं, आणि पूर्ण होईपर्यंत चैन पडू द्यायचं नाही. ब्रिटनमध्ये १९७८ साली निक लोगन यांनी ‘स्मॅश हिट्स’ हे पॉप संगीताचं नियतकालिक सुरू केलं, त्याचा कणा होता गाण्यांचे छापील शब्द. पुढे ‘पेट शॉप बॉइज’ या ब्रिटिश पॉप जोडीचे गायक म्हणून जगाला माहीत झालेले नील टेनंट तिथे सहायक संपादक होते. १९९५ साली आलेल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मासिकाने पुढच्याच वर्षी ‘स्पाइस गर्ल्स’ या ब्रिटिश गायिकांच्या गटातल्या पाच जणींना टोपणनावं दिली आणि ती जगभर त्यांना कायमची चिकटली. ‘स्मॅश हिट्स’ २००६ साली बंद झालं. तोवर गाण्यांचे शब्दही इंटरनेटवर आणि ताज्या बातम्याही इंटरनेटवर. मला यातून इतकंच घ्यायचं होतं: ज्या गोष्टी पडद्यावर जास्त चांगल्या होतात त्यांच्यामागे कागदाने धावू नये. माझ्या आराखड्यातून बातम्यांची पानं त्या दिवशी गेली आणि परत आली नाहीत.

मासिकाचं नाव मुलांनी ठरवलं: ‘रिपीट’. आवडलेलं गाणं ती पुन्हापुन्हा लावतात, म्हणून.

बहुतेक जण मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. मी मधल्या पोस्टरपासून केली, कारण बाकीच्या पानांचं गणित त्यावरच अवलंबून होतं. सेंटर पिन मारलेल्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना टोचलेल्या, अंकात पानं चारच्या पटीत लागतात. माझी डमी, म्हणजे नमुन्याचा अंक, ३२ पानांची होती. पोस्टर म्हणजे १६ आणि १७ ही पानं. वाचक पिना उचकटून ते काढून घेणार, म्हणजे त्याच्या पाठीमागची १५ आणि १८ ही पानंही भिंतीकडे तोंड करून कायमची जाणार. तिथे मुलाखतीचा अर्धा भाग ठेवला तर वाचकाला पोस्टर आणि मुलाखत यांतून एक निवडावं लागतं, आणि हा छळ मी त्या वयात स्वतः सोसलेला आहे. म्हणून १५ आणि १८वर मी अशाच गोष्टी ठेवल्या ज्या एकदा वापरल्या की संपतात: शब्दकोडं, ओळखा पाहू कोणाचे डोळे, मित्राबरोबर खेळायची प्रश्नमंजूषा. सोडवा, मग खुशाल भिंतीवर लावा.

पोस्टर उभं असावं की आडवं? मुलांना उभंच हवं होतं, दारामागे तेच मावतं. उभं करायचं तर अंक आडवा धरावा लागतो आणि घडी चित्राच्या बरोबर मध्यावरून आडवी जाते. पिनांची भोकंही त्याच रेषेवर. म्हणून फोटो काढतानाच चेहरा आणि हात वरच्या अर्ध्यात राहतील, घडीच्या जागी साधा शर्ट येईल अशी चौकट मी कॅमेऱ्यातून पाहून ठरवली. नंतर संगणकावर हे जमवत बसलं की फोटो ताणल्यासारखा दिसतो.

फोटोकार्डांनी त्याहून मोठा पेच टाकला. कार्ड जाड हवं, आणि अंकात जाड कागद फक्त मुखपृष्ठाचा, २५० जीएसएमचं आर्ट कार्ड (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). म्हणजे कार्डं मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापायची आणि त्यांची पाठ म्हणजे खुद्द मलपृष्ठ. आमच्या सरांनी लगेच आठवण करून दिली की मलपृष्ठ ही मासिकातली सगळ्यांत महागडी जाहिरातीची जागा. ते खरंच आहे. तरी मी ती जागा कार्डांना दिली, कारण जाहिरातीचे तुकडे पाठीवर असलेलं कार्ड कुठलीही मुलगी फोनच्या कव्हरमागे ठेवणार नाही. जाहिरात मुखपृष्ठाच्या आत गेली. कार्डांच्या पाठीसाठी मी सलग पसरणारी नक्षी केली. छपाईत पुढची आणि मागची बाजू जराशी सरकतेच. प्रत्येक कार्डाच्या पाठीला वेगळी किनार दिली असती तर ती सरक कापल्यावर उघडी पडली असती. सलग नक्षीत कात्री कुठूनही गेली तरी चालतं.

गाण्यांच्या शब्दांचं पान हा माझा सर्वांत आवडता भाग. आधी कायद्याचं: गाण्याचे शब्द ही कोणाची तरी मालमत्ता असते, आणि प्रसिद्ध गाणं छापायचं तर हक्कदाराची परवानगी लागते. प्रकल्प असला तरी मला उचललेला मजकूर नको होता. शाळकरी मुलांच्या एका नव्या बँडने स्वतः लिहिलेली गाणी मला लेखी परवानगीने दिली, आणि माझ्या अंकाचे तारेही तेच झाले. सगळे अठराच्या आतले, त्यामुळे फोटोंसाठी पालकांच्या सह्या घेतल्या. कोणता फोटो कुठे, किती मोठा वापरणार हे पालकांना आणि मुलांनाही आधी दाखवलं.

वहीतली हाताने उतरवलेली गाणी मी पाहिली होती, तेव्हा एक लक्षात आलं होतं: मुलं ओळ तिथेच तोडतात जिथे गायक श्वास घेतो. मीही तसंच केलं. गाणं ऐकत ऐकत ओळी तोडल्या, कडवं संपल्यावर जितका वेळ वाद्यं वाजतात त्या मानाने जागा सोडली. डावीकडे रुंद समास ठेवला, लिहिण्यासाठी. गिटारच्या कॉर्डची अक्षरं नेमक्या त्या शब्दाच्या डोक्यावर बसवायची होती, आणि देवनागरीत शब्दाच्या डोक्यावर आधीच गर्दी असते: मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार. खाली उकार वेगळेच. नेहमीचा मजकूर मी साडेदहा पॉइंटला (पॉइंट हे अक्षरांच्या मापाचं एकक), ओळींमध्ये साडेपंधराच्या अंतराने लावला होता. गाण्यांच्या पानावर ते अंतर जवळपास दुप्पट केलं. पान भरेना म्हणून तक्रार झाली. पण ज्या मुलाने तेच पान समोर ठेवून गिटार वाजवली, त्याला एकदाही डोळे बारीक करावे लागले नाहीत.

अक्षरांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तरुणांसाठी म्हटलं की देवनागरीचे सर्वांत जास्त हाल होतात. शिरोरेषा तोडायची, अक्षरं वाकवायची, इंग्रजी अक्षरांसारखी दिसतील अशी करायची. मला त्याची गरज वाटली नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मोदक’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुळातच गुबगुबीत आणि खेळकर आहेत, मोफत वापरता येतात, आणि त्यांची अक्षरं देवनागरीच राहतात. ‘मोदक’मध्ये अक्षराच्या आतली पोकळी केसासारखी बारीक उरते, म्हणून तो फक्त दोन-तीन शब्दांच्या मोठ्या मथळ्यांना. मजकुराला ‘मुक्त’, तोही त्यांचाच. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी अशी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचे आले तर वाचक बोट ठेवून सांगू शकत नाही, पण पान परकं वाटतं.

मुखपृष्ठावर बँडच्या गायिकेचं डोकं मासिकाच्या नावावर थोडं चढावं ही जुनी आणि चांगली रीत आहे; त्याने खोली येते आणि व्यक्ती जवळ आल्यासारखी वाटते. ‘रिपीट’च्या बाबतीत तसं करून पाहिलं तर केसांखाली वेलांट्या गेल्या आणि उरलं ‘रपट’. रोमन अक्षरांवर अर्धं डोकं आलं तरी शब्द तग धरतो. आपल्याकडे अर्थच वरच्या मजल्यावर राहतो. मग मी दोन थर केले: अक्षरांची अंगं केसांच्या मागे, शिरोरेषा आणि वेलांट्या केसांच्या पुढे. जणू तिने नाव डोक्यात माळलंय. ते मुखपृष्ठ मुलांना दाखवलं तेव्हा त्यांनी सर्वांत आधी हेच दाखवलं, बोट लावून.

मुखपृष्ठाच्या बाकी गोष्टी पटकन ठरल्या. दुकानातल्या मांडणीवर मासिकं एकमेकांवर चढवून ठेवतात आणि बहुतेक वेळा डावी पट्टीच दिसते, म्हणून नावाचं पहिलं अक्षर, पोस्टरची सूचना आणि एक डोळा डाव्या तिसऱ्या हिश्श्यात. नजर थेट कॅमेऱ्यात. मथळे मोजके. बारकोडला पांढरी जागा सुरुवातीलाच राखून ठेवली. तो नंतर कुठेतरी खुपसला की चित्राचा तोल जातो.

रंगावर मात्र बरेच दिवस गेले. गुलाबी मुलींचा, निळा मुलांचा ही वाटणी मी पहिल्याच पानावर काट मारून काढून टाकली. ज्यांच्याशी मी बोलत होते त्यांच्यातला एकही मुलगा फोटोकार्ड जमवताना रंग पाहत नव्हता. मला हवा होता भडक, फ्लुरोसंट नारिंगी. पडद्यावर तो झगमगतो आणि चार रंगांच्या छपाईत मातकट होतो, कारण त्या चार शायांच्या मिश्रणातून तेवढा तेजस्वी रंग निघतच नाही. त्यासाठी पाचवी, वेगळी शाई घालावी लागते. छापखान्यातल्या काकांनी तेव्हाच बजावलं की ही शाई उजेडात लवकर उडते. मी छापील नमुन्याचा अर्धा भाग झाकून खिडकीत ठेवला आणि फरक डोळ्यांनी पाहिला. त्यामुळे ती शाई मुखपृष्ठावरच राहिली. पोस्टर महिनोनमहिने भिंतीवर राहणार, तिथे साधे चार रंग.

कागदातही हाच विचार. सगळा अंक चकचकीत आर्ट पेपरवर छापला की भारी दिसतो, पण त्यावर जेल पेनाने लिहिलं की शाई पुसटते, हाताला लागते. म्हणून गाण्यांची, कोड्यांची, लिहायची पानं ९० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे चमक नसलेल्या साध्या कागदावर, आणि पोस्टरचं मधलं पान तेवढं १३० जीएसएमच्या आर्ट पेपरवर. पण कोडी त्या पोस्टरच्याच पाठीवर होती! मग एकाच बाजूला चमक असलेला कागद शोधला. पुढून चकचकीत, मागून खरखरीत. असा कागद मिळतो हे मला छापखान्यात विचारल्यावरच कळलं. डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने काही दिवस छापखान्यात उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. मॅपलिथो शाई पिते, फोटो काळवंडतात. त्या पानांवरचे फोटो मी आधीच थोडे उजळ करून दिले.

याच सुमारास वर्गात एक सूर होता की मांडणी अजून बंडखोर हवी. डेव्हिड कार्सन या अमेरिकी डिझायनरने १९९४ साली ‘रे गन’ या संगीत मासिकात ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून ती सबंध चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, एक शब्दही वाचता येऊ नये अशी, ते उदाहरण मला पुन्हापुन्हा दिलं गेलं. कार्सनचं काम मला आवडतं. पण माझी वाचक एक ओळ पाठ करण्यासाठी पानाशी येते, ती ओळ तिला दिसलीच पाहिजे. माझ्या ग्रिडमध्ये, म्हणजे पानाच्या आखणीत, मजकूर कायम सरळ, वाचता येईल असा राहिला. फोटो, मथळे, चिकटवल्यासारखे तुकडे यांना तिरकं होण्याची मुभा.

भाषेतही हीच काळजी. मुलांची बोली उसनी घेऊन लिहिलेले मथळे त्यांना दाखवले, तेव्हा एक जण म्हणाला, “हे कोणी मोठ्या माणसाने लिहिलंय.” शिव्या घालत नाहीत ही मुलं, पण त्यांचा नकार स्वच्छ असतो. पुढच्या खेपेला मथळे साध्या मराठीत लिहिले आणि मुलाखतीचे प्रश्न मुलांकडूनच घेतले. मोठ्यांनी विचारलं असतं की प्रेरणा कुठून मिळाली. मुलांनी विचारलं: रंगमंचावर शब्द विसरलात तर काय करता? तुमच्यातलं कोण उशिरा येतं? भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं? आणि उत्तरं त्यामुळेच छापण्याजोगी निघाली.

मुखपृष्ठावरच्या मुलीच्या हनुवटीवर पुटकुळी होती. ती काढणं म्हणजे दोन क्लिकचं काम. मी तिलाच विचारलं, आणि ती म्हणाली राहू दे. चाचणीला आलेल्या मुलींपैकी एकीने अंक डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ही खरी आहे?” मी हो म्हटलं. या वयात आरशासमोर किती वेळ आणि किती दुःखात जातो हे ज्याला आठवतं, त्याने त्वचा गुळगुळीत करणारं साधन किशोरांच्या मासिकात वापरू नये. यावर माझं मत ठाम आहे आणि त्याला अपवाद नाहीत.

शेवटच्या चाचणीत मी छापलेल्या डम्या मुलांच्या हातात देऊन गप्प बसले. पाहायचं होतं की हात कुठे जातात. बहुतेकांनी मागून उघडलं, कार्डं आधी. कात्री आणली होती, पण एकीने पट्टी लावून फाडलं. तेव्हा मी कार्डांभोवती टोचणी रेषा, म्हणजे परफोरेशन, घालायचं ठरवलं. पोस्टर काढून झाल्यावर पिना वाकड्या राहून टोचत होत्या. त्या परत कशा दाबायच्या याचं छोटं चित्र आता पान १४च्या कोपऱ्यात आहे. क्यूआर कोड गाण्याच्या पानावर होता आणि तो लागलीच स्कॅन झाला, कारण त्याच्याभोवतीची पांढरी चौकट मी नक्षीने खाल्ली नव्हती. कोडमधल्या छोट्या चौकोनांच्या मापाने चार घरांची मोकळी जागा सगळीकडून लागते. सजावटीच्या भरात ती जाते आणि फोन नुसता फिरत राहतो.

सगळ्यांत जास्त वेळ मुलं थांबली ती वाचकांच्या पानावर. तिथे मी एकच प्रश्न छापला होता: कोणतं गाणं तुम्ही एकट्यानेच ऐकता आणि का? खाली कोऱ्या ओळी, आणि कापून पाठवायचं कूपन. कूपनवर नाव ऐच्छिक, टोपणनाव चालेल; शाळा, पत्ता, फोन, फोटो काहीही मागितलेलं नाही. मासिकात लहान मुलाची ओळख छापली गेली की ती परत घेता येत नाही, म्हणून ही चौकट मी पहिल्या आराखड्यापासून अशीच ठेवली होती. भरलेली कूपनं माझ्याकडे आली ती जागा पुरली नाही म्हणून समासात, पाठीवर लिहिलेली. पुढच्या अंकात त्या एका पानाची दोन पानं केली आहेत, मॅपलिथोवरच, आणि त्यासाठी संगीत-उपकरणांच्या परीक्षणाचं पान काढलं. ती माहिती फोनवर मिळते.